राजीनाम्यावर अजून तारीख घालू नका

बेळगावहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 45. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब सांभाळतात, त्याला नऊ वर्षं तीन महिने झाले. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये, त्यावर पीएफ कापला जातो. यजमानांचे वडगावात राहत्या घरीच दोन यंत्रमाग. मुलगा डिप्लोमाला, मुलगी दहावीला. श्रावणात 74 वर्षांच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. दीर पुण्यात, एक नणंद निपाणीत, दुसरी चंदगड तालुक्यात. तिघंही येऊन बघून गेले आणि जाताना तिघांनी एकच सांगितलं, आता सुनेनंच बघायला पाहिजे. दिरांनी वर एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवला, की घरी आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांची ती वर्षं सरकार पेन्शनला धरतं. भगिनी लिहितात, "महिनाअखेरीस राजीनामा देणार आहे. दहा वर्षं झाली नाहीत, म्हणजे पेन्शन तर मिळणारच नाही. ते पैसे काढून घेतले तर दवाखान्यासाठी सोसायटीकडून घेतलेले 80,000 फिटतील. लग्नाआधी शिनोळीत दीड वर्ष नोकरी केली होती, पण ते राज्यच वेगळं. एवढंच सांगा, फॉर्म कुठला भरायचा?"

ताई,

फॉर्मचं नाव सांगते, 10-सी. पण तो आज भरू नका, आणि राजीनाम्यावर तारीखही घालू नका. का, ते सांगायला जरा वेळ लागेल. सासूबाईंना झोप लागली की निवांत वाचा.

आधी माझी एक चूक कबूल करते. मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यात पगारपत्रकं केली. बाळंतपण, सासऱ्यांचं पडणं, आईचा कॅन्सर, अशा कारणांनी नोकरी सोडणाऱ्या कितीतरी बायका माझ्या टेबलासमोर बसल्या. मी त्यांना 19 नंबरचा फॉर्म आणि 10-सी असे दोन्ही एकाला एक टाचून द्यायची. 19 म्हणजे पीएफची शिल्लक, 10-सी म्हणजे पेन्शनचा वाटा. "इथं सही, इथं सही." त्या सह्या करायच्या, मी शिक्का मारायची. बाई, तुमची वर्षं किती भरली, थोडं थांबलात तर काय होईल, हे मी एकीलाही विचारलं नाही. त्यांतल्या काही जणी आता साठीच्या पुढे आहेत. बाजारात भेटतात, गोड बोलतात. मला मात्र त्यांच्याशी नजर मिळवायला जड जातं.

म्हणून तुमच्या पत्रातला जो आकडा तुम्ही सहज लिहून टाकलात, त्याच्यावरच मी अडून बसले आहे. नऊ वर्षं तीन महिने.

कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून चालू आहे. तिच्यात महिन्याची पेन्शन मिळायला दहा वर्षं सेवा लागते, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ही दहा वर्षं मोजताना सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात आणि सहा महिन्यांच्या आतला तुकडा सोडून देतात. म्हणजे आज राजीनामा दिलात तर तुमची सेवा नऊ वर्षं. तीन महिन्यांनी दिलात तर दहा. आज तुम्ही पेन्शनच्या दाराबाहेर आहात आणि तीन महिन्यांनी आत असाल, फरक एवढाच आहे. सासूबाईंना श्रावणात झटका आला याला कुणाचा इलाज नव्हता. राजीनामा कधी द्यायचा, ते मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

आता पैशाचं बोलू, कारण "दोन हजार पेन्शनने काय होतंय" हे वाक्य तुमच्या घरी कुणीतरी बोलणारच. हिशेब सोपा आहे. शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी घ्या, तिला सेवेच्या वर्षांनी गुणा आणि 70 ने भागा. पगार कमाल 15,000 पर्यंतच धरतात. तुमचे 14,000 गुणिले 10, भागिले 70, म्हणजे महिना 2,000 रुपये, वयाच्या 58 व्या वर्षापासून तहहयात. (गेल्या पाच वर्षांत पगार वाढत आला असेल तर सरासरी थोडी खाली येईल. पासबुक बघा.) याउलट नऊ वर्षांवर पैसे काढले तर सरकारी तक्त्याप्रमाणे पगाराच्या 9.33 पट मिळतात, म्हणजे साधारण 1,30,000. हे पैसे पेन्शनमधून साडेपाच वर्षांत वसूल होतात. 58 नंतर साडेपाच वर्षं म्हणजे चौसष्टाव्या वर्षाच्या आत. तुमच्या सासूबाई 74 च्या आहेत, त्यांच्या हातात आज स्वतःचं काय आहे ते तुम्हीच बघताय.

मी हे फुगवून सांगत नाही. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. तेरा वर्षांनी दोन हजारांत काय येईल, याचा अंदाज तुमच्यासारख्या हिशेबनीस बाईला मी काय सांगू! तरी ती घेण्याजोगी आहे, आणि त्याचं कारण रकमेत नाही. आपल्याकडे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचेही महिना 2,000 येतात. दिसायला आकडा तोच. पण गृहलक्ष्मी ही योजना आहे. तिचा एखादा हप्ता लांबला की बायका एकमेकींना फोन करून विचारत बसतात, आणि सरकार बदललं तर ती राहील का, हे कुणी लिहून देणार नाही. शिवाय ती रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळते. तुमच्या कार्डावर सासूबाईंचं नाव वर असेल, तर पैसे त्यांच्या खात्यावर जातात. पेन्शन तुमच्या कामाची, तुमच्या नावची, तुमच्या खात्यावर. ती मागायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आणि दहा वर्षं भरलेली बाई 58 च्या आधी गेली, तरी तिच्या नवऱ्याला आणि 25 वर्षांखालच्या दोन मुलांना कुटुंब पेन्शन लागू होते. मागावर बसणाऱ्या तुमच्या यजमानांना दुसरी कुठली पेन्शन आहे?

आता महाराष्ट्रातली शिनोळी. इथे तुमचं गणित चुकलं याचा मला आनंदच झाला. तुम्ही लिहिता, "ते राज्यच वेगळं." आपल्या भागात राज्याच्या हद्दीने एवढं छळलंय, की प्रत्येक कागदावर आपण आधी ती रेघ शोधतो. लाडकी बहीण पलीकडे, गृहलक्ष्मी अलीकडे. महाराष्ट्राचा सीमाभागातल्या 865 गावांवरचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण पीएफ केंद्राचा आहे. शिनोळीची वर्षं आणि उद्यमबागेची वर्षं एकाच योजनेतली. दोन नोकऱ्यांच्या मध्ये कितीही वर्षांचं अंतर पडलं असलं, तरी सेवेची बेरीज होते. सलग नोकरी लागते हा समज मी फार ठिकाणी ऐकते. तो खरा नाही.

अट एकच. त्या वेळी तुम्ही पेन्शनचा वाटा काढलेला नसावा. तुम्हाला आठवतं का, लग्नाच्या सुमारास कारखान्यातून काही रक्कम मिळाली होती? ती नुसत्या पीएफची होती की 10-सीचीही होती? फक्त 19 भरला असेल, तर ती दीड वर्षं अजून तुमच्या नावावर पडून आहेत. मग नऊ वर्षं तीन महिन्यांत दीड मिळवा. ताई, तसं असेल तर तुमची दहा वर्षं केव्हाच पार झाली आहेत आणि आपण हा सगळा खल उगाच करतोय. माझ्यासारख्या कुणी दोन्ही फॉर्म टाचून दिले असतील, तर मात्र ती सेवा गेली. युएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, 2014 साली आला, त्यामुळे जुना नंबर ऑनलाइन दिसणार नाही. तो जुन्या कागदांतच शोधावा लागेल. पगाराची चिठ्ठी, पीएफची वार्षिक स्लिप, काहीही चालेल.

दिरांचा तो मेसेज खोटा नाही, फक्त तो इथला नाही. ब्रिटनमध्ये 2010 पासून अशी सोय आहे. आठवड्याला किमान वीस तास कुणाची शुश्रूषा करणाऱ्याच्या राष्ट्रीय विम्याच्या खात्यात ती वर्षं भरलेली धरतात, म्हणजे सरकारी पेन्शनमध्ये खिंडार पडत नाही. तिथे पूर्ण पेन्शनला 35 वर्षं लागतात आणि काहीतरी मिळायला किमान दहा. बघा, दहाचा आकडा तिथेही आहेच. आपल्याकडे खाजगी नोकरीतल्या बाईने सासूची उष्टी-खरकटी काढली, कूस बदलली, रात्री चार वेळा उठली, तर पीएफच्या पासबुकात त्या महिन्यांसमोर काही उमटत नाही. हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण तुमचा राजीनामा माझ्या मतावर किंवा दिरांच्या मेसेजवर ठरू नये. तो आज इथे लागू असलेल्या नियमावर ठरावा.

आणि दिरांनी इतक्या प्रेमाने कायद्याची आठवण काढलीच आहे, तर त्यांना दुसरा एक कायदा सांगा. ज्येष्ठांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा. आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी त्यात अपत्यांवर आहे: मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात. सून त्या व्याख्येत नाही. मी हे भांडण लावायला सांगत नाही. तुम्ही सासूबाईंवर माया करता, हे पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. त्या तुमच्या बाळंतपणात कशा उभ्या राहिल्या, ते तुम्ही पानभर लिहिलंय. पण "सुनेनंच बघायला पाहिजे" हे वाक्य सगळ्यांनी इतक्या सहज म्हटलं आणि तुम्हीही इतक्या सहज मान्य केलंत, की विचारल्यावाचून राहवत नाही. तुमचे यजमान दिवसभर कुठे असतात? घरात. आईच्या खाटेपासून दहा पावलांवर, मागाशी. पत्रात त्यांचं नाव फक्त उत्पन्नाच्या ओळीत आलंय, सेवेच्या ओळीत नाही.

मला माहीत आहे काय उत्तर येणार. आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं मुलाला कसं जमेल, आईलाच संकोच वाटेल. कबूल. पण सासूबाईंचा दिवस एकदा कागदावर मांडा. सकाळची अंघोळ आणि कपडे, हा तास-दीड तासाचा भाग बाईचाच. त्याला घरी येणारी एखादी बाई तेवढ्यापुरती बघा. तुम्ही दिवसभराच्या बाईला 9,000 मागतात असं लिहिलंय. दीड तासाला तेवढे पडणार नाहीत. औषधं, दुपारचं जेवण, दर दोन तासांनी कूस वळवणं, फिजिओथेरपिस्टने दिलेले हाताचे व्यायाम, यांतलं काय मुलाला जमणार नाही? माग थांबवावा लागतो म्हणाल, तर तुमची नोकरी तुम्ही कायमची थांबवायला निघालाय.

डॉक्टरांनाही एक विचारा. अर्धांगात सुधारणा होते ती मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. आज सासूबाईंना जितकी माणसं लागतात, तितकी सहा महिन्यांनी लागतीलच असं नाही. कदाचित जास्तही लागतील. पण आजच्या अवस्थेवरून पुढच्या तेरा वर्षांचा निर्णय करू नका.

80,000 चं कर्ज. हे सोडवायला नोकरी सोडायची गरजच नाही. घरातल्या माणसाच्या आजारपणासाठी पीएफच्या शिल्लकीतून नोकरीत असतानाच पैसे उचलता येतात, आणि अर्धांगवायू हा त्या नियमात नाव घेऊन सांगितलेल्या आजारांपैकी आहे. गंमत बघा. ज्येष्ठांच्या कायद्यात सून धरलेली नाही, पण पीएफच्या नियमात विवाहित बाईच्या कुटुंबात नवऱ्याचे अवलंबून असलेले आई-वडील धरलेले आहेत. म्हणजे सासूबाईंसाठी तुम्ही तुमच्या पीएफमधून पैसे काढू शकता. हात लावायचाच असेल तर त्या शिल्लकीला लावा, पेन्शनच्या वाट्याला नको. आणि सगळी शिल्लकही उपसू नका. नोकरी सुटली तरी 58 पर्यंत त्यावर व्याज चालू राहतं, आणि 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. तेवढं व्याज कुठली बँक देते?

तसंही महिनाअखेरीस राजीनामा दिलात तर पेन्शनचे पैसे लगोलग हातात पडतील या भरवशावर राहू नका. पूर्वी दोन महिने थांबलं की ते काढता यायचे. ही मुदत 36 महिने करायचा निर्णय पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये घेतला आहे. सोसायटीचा हप्ता काही तोवर थांबणार नाही.

मग हे तीन महिने काढायचे कसे? शिल्लक रजा किती आहे ते बघा. भरपगारी रजेत पीएफ कापला जातो, ती सेवेत धरली जाते. बिनपगारी रजेचं तसं नाही. ते दिवस अंशदान नसलेले म्हणून नोंदले जातात, त्यांच्या जिवावर दहा वर्षांचं गणित बांधू नका. याच कारणाने पासबुक उघडून एप्रिल-मे 2020 नीट बघा. लॉकडाऊनमध्ये फौंड्र्या बंद होत्या. त्या महिन्यांचा पगार मिळाला होता का, पीएफ भरला होता का? तिथे खाडा असेल तर तीनाऐवजी चार-पाच महिने थांबा. मी तुमच्या जागी असते तर एक महिना वरचा धरलाच असता. काठावर उभं राहून हिशेब करू नये, हे पगारपत्रकांनी मला शिकवलं.

दुसरी वाट, मालकांशी बोलायची. तुम्ही लिहिता, "साहेबांना असं कसं विचारू?" नऊ वर्षं ज्यांच्या जीएसटीच्या तारखा तुम्ही सांभाळल्या, त्यांना विचारायला संकोच कसला? 11 तारखेचं आणि 20 तारखेचं विवरण, त्याच्या आसपासचे दिवस आणि पगाराचा आठवडा, एवढ्यात तुमची गरज सगळ्यात जास्त. बाकीचे दिवस अर्धवेळ, थोडं काम घरून, पगार कमी, पण हजेरीपटावर नाव आणि पीएफ चालू. पगार कमी झाल्याने पेन्शनची सरासरी घसरते, पण किती? समजा वर्षभर 8,000 वर काम केलंत, तर साठ महिन्यांची सरासरी 12,800 येते आणि दहा वर्षांची पेन्शन 2,000 ऐवजी साधारण 1,830. महिना 170 रुपये सोडून तुम्ही वर्षभर अर्धा दिवस घरी राहिलात. मला हा सौदा वाईट वाटत नाही. शिवाय मन पालटलं तर परत जायला जागा राहते. पंचेचाळिशीत सुटलेली नोकरी पन्नाशीत परत मिळत नाही, निदान तशी तरी नाही.

ग्रॅच्युइटी विसरू नका, बहुतेक बायका विसरतात. पाच वर्षं झाली की राजीनामा देऊन जाणाऱ्यालाही ती मिळते. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस 26 धरून. तुमच्या नऊ वर्षांचे साधारण 72,700. इथेही सहा महिन्यांच्या वरचा तुकडा वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ ओलांडून गेलात तर 80,700 च्या पुढे. सोसायटीचं कर्ज तर यातूनच फिटतंय की!

हे सगळं करूनही शेवटी नोकरी सोडावीच लागली तर? लागेलही. मुलीची दहावी आहे, रात्रीची झोप नाही, माणूस किती ताणणार. मी तुम्हाला नोकरीला चिकटून राहा असं सांगत नाही. दहा वर्षं भरल्यावर खुशाल सोडा. तेव्हा 10-सी भरा, पण पैशासाठी नाही, योजना प्रमाणपत्रासाठी, म्हणजे तुमची सेवा किती भरली त्याच्या दाखल्यासाठी. त्याच फॉर्मवर ती सोय आहे. साडेनऊच्या पुढे तसेही पेन्शनचे पैसे रोख काढता येत नाहीत. ते प्रमाणपत्र सोन्याच्या पावत्यांबरोबर ठेवा. पुढे कुठे नोकरी धरलीत तर सेवा त्यात मिळवता येते, नाही धरलीत तर 58 ला पेन्शन मागायचा फॉर्म, 10-डी, भरायचा. अगदीच नड आली तर पन्नाशीनंतरही पेन्शन सुरू करता येते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापतात.

आणि नोकरी सोडाल त्या दिवशी घरात एक बैठक घ्या. पुणं, निपाणी, चंदगड, तिघांना फोनवर घ्या. आकडा तयार ठेवा. आज तुमच्या पगारातून 1,680 पीएफ जातो, मालक तेवढेच घालतात. दोन्ही मिळून महिना 3,360 रुपये तुमच्या म्हातारपणासाठी बाजूला पडत होते. तुम्ही आईंसाठी घरी बसलात की ते बंद होतात. पगार बुडतो तो वेगळाच, त्याचं मी बोलतही नाही. सासूबाईंची मुलं चार. 3,360 भागिले 4, प्रत्येकी 840. तुमच्या नावाने एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, खातं उघडा. ते 18 ते 70 वयाच्या कुणालाही उघडता येतं, वर्षाला किमान 1,000 भरले तरी चालू राहतं. चौघांनी दर महिन्याला 840 त्यात घालावेत. यजमानांनीही. ब्रिटनचं सरकार जे करतं ते आपलं करत नसेल, तर घराने करावं. "वहिनी, पैशाचं काय काढताय" असं कुणी म्हणालं, तर शांतपणे सांगा की मी पैसे मागत नाही, माझ्या बंद पडलेल्या पीएफचा हप्ता भरा म्हणतेय. ज्याला 840 जड वाटतील, त्याने महिन्यातले आठ दिवस आईजवळ येऊन राहावं. निपाणी काही लांब नाही.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन-चार गोष्टी इथेच सांगून टाकते. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायकांनो, तुमचाही पीएफ आहे, तुम्हालाही हीच दहा वर्षं लागू आहेत. काम सोडताना कार्ड फेकू नका. कर्नाटक सरकारच्या नोकरीत असणाऱ्यांनी तर "राजीनामा" हा शब्दच लिहिण्याआधी ऑफिसात विचारावं. सरकारी नोकरीत राजीनाम्याने मागची सेवा बुडते, स्वेच्छानिवृत्तीने बुडत नाही, आणि आपल्या राज्यात ती पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मागता येते. ज्या वहिनी-नणंदा घरीच आहेत, पीएफ कधी नव्हताच आणि वय चाळिशीच्या आत आहे, त्यांनी अटल पेन्शन बघावी. चाळीस ओलांडलं की ते दार बंद. घरात 65 च्या वरचं माणूस असेल आणि उत्पन्न अगदी कमी असेल, तर नाडकचेरीत संध्या सुरक्षा या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी पेन्शनचं विचारा, महिना 1,200 आहेत.

नावाचा घोळ मात्र सगळ्यांनीच आज तपासा. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. एकाच बाईचं नाव तीन लिप्यांतून फिरून येईपर्यंत तीन बायका होतात. पीएफला माहेरचं आडनाव, आधारला सासरचं, हे तर घरोघरी. नोकरीत असताना मालकाच्या सहीने संयुक्त घोषणापत्र भरून हे सुधारता येतं. एकदा सोडून गेलात आणि दहा वर्षांनी कारखानाच बंद झालेला निघाला, तर सहीला माणूस शोधत फिराल. दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाले जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिर घेतात, "निधी आपके निकट" म्हणून. तिथे आधार, पासबुक आणि पगाराची चिठ्ठी घेऊन जा. कन्नड किंवा इंग्रजी अडतं म्हणून संकोच वाटत असेल तर मुलाला बरोबर न्या. डिप्लोमाला आहे ना? त्यालाही कळू दे आईची पेन्शन कशी मोजतात.

रविवारी यजमानांना दोन तास आईजवळ बसवा आणि माळ्यावरची तुमची लग्नातली ट्रंक खाली काढा. शिनोळीची पगाराची चिठ्ठी सापडली तर तिच्यावरचा पीएफ नंबर आधी वहीत उतरवून घ्या. त्या काळातल्या कार्बनच्या प्रती फिकट होत जातात. नंबर मिळाला की मला कळवा, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगते.